आक्कांचं ओझं उतरवलंत, डॉक्टर मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहितेय. ज्यांच्या घरात किडनी ट्रान्सप्लांट झालंय आणि नंतर रिपोर्टवर 'सीएमव्ही पॉझिटिव्ह' आलंय, त्यांच्याही नजरेस ते पडावं म्हणून. आमच्या चोपड्याकडे सीएमव्ही म्हटलं की केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. पण तो केळीवरचा, मावा कीड पसरवते तो. माणसाला होणारा सायटोमेगॅलोव्हायरस वेगळाच, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

ह्यांना किडनी दिली ती आमच्या आक्कांनी, ह्यांच्या थोरल्या बहिणीनं. ऑपरेशन चांगलं झालं. पण काही महिन्यांनी ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. पीसीआरचा रिपोर्ट आला तेव्हा राऊंडवरचे एक डॉक्टर जाता जाता म्हणाले, "डोनरकडून आलाय." आक्का शेजारीच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. "भाऊले मी रोग दिधा," एवढंच घोकत बसायच्या.

मग तुम्ही आलात. आक्कांशी सरळ अहिराणीत बोलायला लागलात, तर त्या रडायचं विसरून म्हणाल्या, "तू कोनी पोर शे वं माय?" तुम्ही धुळ्याकडच्या निघालात. स्टूल ओढून बसलात, जुन्या रिपोर्टची पाठकोरी बाजू घेतलीत आणि बॉलपेननं एक पेशी काढलीत.

मार्केट यार्डात पोत्यातली वानगी बघून माल ओळखतात, तसं आपल्या शरीराचं चालतं, असं तुम्ही सांगितलंत. पेशीच्या आत जे बनतं त्याचे बारीक तुकडे ती एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवते. टी-पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, ते तपासतात आणि विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारतात. हे कोडं सोडवणाऱ्या पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ साली नोबेल मिळालं. डोहर्टी मूळचे गुरांचे डॉक्टर, हे ऐकून आक्का बऱ्याच दिवसांनी हसल्या. घरी दोन म्हशी आहेत, त्यांना तेवढंच जवळचं वाटलं असावं.

त्याच १९९६ साली संशोधकांनी दाखवलं की सीएमव्हीचं यूएस११ नावाचं प्रथिन हा एमएचसी रेणू पेशीच्या आतच पकडतं आणि मोडीत काढायला पाठवतं. वानगी बाहेर येतच नाही. पण पेशी काहीच दाखवत नाही म्हटल्यावर एनके पेशींना, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पहारेकरी पेशींना, संशय येतो. त्यांना गप्प करायलाही ह्या विषाणूकडे सोय आहे: यूएल१८ हे एमएचसीसारखंच दिसणारं नकली प्रथिन. दोन लाखांहून जास्त अक्षरांचा जीनोम ह्याचा, आणि त्यातली कितीतरी जनुकं नुसती लपाछपीसाठी. एमडी झाल्यावर तुम्ही प्रयोगशाळेत शिरलात ते ह्याच जनुकांपायी. सकाळी वॉर्ड, दुपारी पेशींच्या बशा. "अजून पुरता हाती लागलेला नाही," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला तुमच्यावर जास्तच विश्वास बसला.

मग आक्कांकडे वळून म्हणालात, हा तुमच्यात लहानपणीच आला असणार, आईच्या दुधातून नाहीतर खेळताना कुणाच्या लाळेतून. भारतात बहुतेक मोठ्या माणसांत तो असतोच आणि जन्मभर गुपचूप पडून राहतो. ह्यांच्यात तो आधी नव्हता, हेच नवल. किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते, तिथे त्याला मोकळं रान मिळालं. किडनी धुऊनपुसून तो निघत नाही. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही.

त्या संध्याकाळी आक्कांनी कळण्याची भाकरी मागितली. पुण्यात ती आणायची कुठून, हा वेगळाच घोर!

औषधाचं तुम्ही सांगितलेलं तर मी आता सगळ्यांना सांगत सुटते. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी पोटात गेल्यावर तिचं गॅन्सिक्लोव्हिर होतं. पण ते कामाला लागतं विषाणूच्याच यूएल९७ ह्या एन्झाइममुळे. म्हणजे ज्या पेशीत हा शिरलाय तिथेच औषध खरं जागं होतं आणि त्याच्या डीएनएच्या नकला अडवतं. ह्या गोळीनं पांढऱ्या पेशीही उतरतात म्हणून दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला लावलंत, डोस किडनीच्या रिपोर्टप्रमाणे बदललात, आणि रात्री केलेल्या फोनलाही कधी वैतागला नाहीत.

आता ह्यांचा पीसीआर निगेटिव्ह आहे, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन जागेवर आहे. सकाळी मळ्यात चक्कर मारतात, मास्क लावून. विषाणू गेला नाही, झोपलाय, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. ताप आला की अंगावर काढायचा नाही, हेही.

एक निरोप आहे. आक्का विचारतात, तुमच्या अभ्यासाला आमच्यासारख्यांचं रक्त लागतं का? लागत असेल तर एक फोन करा. चोपड्याहून रात्रीच्या गाडीनं बसतील, सकाळी तुमच्या दारात हजर होतील.

आपली,
चोपड्याची एक वहिनी