वॉटसन हॉटेलच्या छायाचित्रांसाठी आभार
मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम जिथे दाखवली गेली ते जुने वॉटसन हॉटेल, २०१९ मध्ये रिकामे करण्यात आले. त्याची छायाचित्रे टिपताना दारापाशी हवा तेवढा वेळ कॅमेरा लावू देणाऱ्या पहारेकरीदादांचे आणि आत शिरण्याचा माझा हट्ट मोडून काढणाऱ्या (बरेच केले!) चहावाल्या काकांचे मनःपूर्वक आभार. मधला चौक एकेकाळी काचेच्या छताखालचे नृत्यदालन होता, हे तिथे पूर्वी कचेरी असलेल्या एका वयोवृद्ध वकीलसाहेबांनी सांगितले. इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर सकाळचे ऊन नेमके कुठून पडते, तेही त्यांनीच दाखवले. आपली नावे देऊ नयेत, अशी तिघांचीही इच्छा आहे.