डिझेल नको, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जुनं इंजिन उघडत बसण्यापेक्षा एखादं डिझेल बसव आणि मोकळी हो." गॅरेजमध्ये ठोकाठोकी चालू होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. डिझेल नाही बसवणार. पेट्रोल परवडेना तेव्हा किती डॉज-प्लायमाऊथ डिझेलवर गेल्या, त्यात लोकांचा दोष नाही. पण आपली १९५४ची डॉज किंग्जवे अजून स्वतःच्या पेट्रोल इंजिनावर आहे. ते गेलं, तर मग उरला नुसता पत्रा.

गाडी डेट्रॉइटच्या घराण्यातली, तरी मला ती परकी वाटत नाही. उद्योगपती वालचंदशेठनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, डॉज-प्लायमाऊथ बनवणाऱ्या अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला, आणि बोटीने आलेल्या सुट्या भागांतून या गाड्या कुर्ल्याला जुळवल्या गेल्या. आपण जिच्यातून जोतिबाला जायचो ती पद्मिनीसुद्धा त्याच कंपनीची.

तिच्या रीती मात्र वेगळ्या. पाने सगळे इंची लागतात. डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे. नवखा माणूस जोर लावून ते आणखीच आवळतो. बॅटरी ६ व्होल्टची, आणि बॉडीला जोडलेली तार पॉझिटिव्ह! १२ व्होल्ट १९५६च्या मॉडेलपासून आले. इलेक्ट्रिशियनला हात लावू देण्याआधी मी हे दोनदा बजावते. आई, तुझ्यासाठी सांगते: पुढची सीट सलग आहे आणि गिअर स्टिअरिंगखाली, म्हणजे तू, बाबा आणि मी शेजारी शेजारी बसू.

आता कामाचं. या इंजिनात व्हॉल्व्ह वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच आहेत. जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीचा भाग भयंकर तापतो. म्हणून वॉटर पंपामागून थेट मागच्या, सहाव्या सिलिंडरपर्यंत एक लांब, चपटी पत्र्याची नळी आत सरकवलेली असते. तिला खाचा असतात, त्यांतून थंड पाणी नेमकं व्हॉल्व्हजवळ सुटतं. नळी कुजली की पाणी पुढच्या पुढेच फिरतं आणि मागचे व्हॉल्व्ह जळतात. आपली पार कुजली होती. रेडिएटर आणि पंप उतरवला, तारेचा आकडा करून ओढली, तर पापुद्रे सुटत तुकड्या-तुकड्यांनी हातात आली. इतकी वर्षं ही गाडी उन्हाळ्यात कशी तग धरून राहिली असेल, या विचाराने मला गलबलून आलं.

नवी नळी अमेरिकेहून मागवता येते. पण ती तुमच्या हातची असावी, असं मला फार वाटतं. उद्यमनगरात तुमच्या ओळखीने पितळी पत्रा मिळेल ना? तुकडे दादाबरोबर पाठवतेय. खाचांची मापं तुकड्यांवरूनच घ्या, सोबतचं चित्र फक्त क्रम कळावा म्हणून काढलंय. आणि तोंडाकडची रुंदी जरा कमीच ठेवा, ब्लॉकमध्ये जागा तंग आहे. होळीच्या आसपास मिळाली, तर उन्हाळ्याच्या आत इंजिन बांधून होईल.

तुमची,
मनू