मालिकांचे शेवट उरकू नका

महोदय,

मालिका बंद करायचं ठरलं की वर्षभर ताणलेलं कथानक शेवटच्या दोन भागांत उरकलं जातं. एका भागात खलनायिकेला उपरती, दुसऱ्यात घरभर पेढे. मधेच गायब केलेल्या पात्राचं काय झालं, कुणी सांगत नाही. टीआरपी घसरला की वाहिनी वेळ काढून घेते, अन् अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटंच उरतात. त्यात रोजच्या रोज लिहिलेल्या कथेचे धागे जुळणार कसे?

‘सैराट’चा (२०१६) शेवट आठवा. आवाज पूर्ण बंद, अन् रडत बाहेर निघालेल्या लेकराची रक्ताळलेली पावलं. संवाद एकही नाही, तरी गावोगावी माणसं त्यावर अजून बोलतात. वाहिन्यांनी निदान शेवटचे दहा भाग लेखकाला आधी सांगून द्यावेत.

– एक प्रेक्षक, परभणी