बाबा, त्याचं नाव घ्या

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलणं होतच नाही म्हणून लिहितेय. फोनवर आई रडायला लागते, मग बाबा तुम्ही "आवाज नीट येत नाहीये" म्हणून फोन ठेवता, माझा छोटू गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललंय.

बाबा, तुम्ही आईला जे म्हणालात ते तिने मला सांगितलं. "माझं वय झालंय, देवाला न्यायचं तर मला न्यायचं होतं, सहा वर्षांच्या लेकराला कशाला." आणि तेव्हापासून तुम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेला बसत नाही. रागावू नका आईवर, बरं झालं सांगितलं, कारण मी पण रोज हेच म्हणत होते, माझा जीव घे आणि त्याला ठेव. आणि मग बायबलात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बघितलं तर दावीद राजा अगदी हेच म्हणतोय! त्याचा मुलगा अबशालोम मेल्याची बातमी येते तेव्हा तो वेशीवरच्या माडीत जाऊन रडतो, माझ्या मुला, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर, असं म्हणत. ज्या मुलाने बापाविरुद्ध बंड केलं त्याच्यासाठी एवढा राजा असा रडतो आणि ते शास्त्रात तसंच्या तसं लिहून ठेवलंय. म्हणजे तुमच्या मनात येतं ते पाप नाहीये बाबा. देवाला दुसरं काही बोलवत नसेल तर हेच बोला, मी तर कितीतरी महिने एवढंच बोलत होते.

लोक भेटायला आले तेव्हा म्हणायचे देवाला आवडला म्हणून त्याने नेला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं पण मला ते ऐकून गुदमरायला व्हायचं. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूच. मग मी त्याला गोड नाव का देऊ? छोटू गेला ते चांगलं झालं असं मी कधीच म्हणणार नाही आणि मला नाही वाटत प्रभू माझ्याकडून ते मागतो.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाने. आपला मित्र लाजर आजारी आहे असा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला, पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. त्याची बहीण मार्था म्हणते प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि थोड्या वेळाने मरीया येते ती पण तेच म्हणते, म्हणजे दोघी बहिणी चार दिवस घरात हेच बोलत असणार ना. आपणही तेच बोललो, जरा आधी नेलं असतं तर, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असतं तर. येशू त्यांना रागावत नाही. आणि थोड्याच वेळात आपण लाजरला जिवंत करून कबरेबाहेर बोलावणार आहोत हे माहीत असूनही तो रडतो. आई, तू मला म्हणतेस रडू नको, तो प्रभूजवळ आहे. तो प्रभूजवळ आहे हे मी मानते गं, मनापासून मानते, पण तरी मी रडणार, कारण प्रभू स्वतः रडला.

दावीदाचं आधी एक तान्हं बाळ पण गेलं होतं. सात दिवस तो उपाशी जमिनीवर पडून होता आणि बाळ गेल्यावर उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी गेला, मग जेवला. मला पूर्वी हे वाचून त्याचा रागच यायचा, त्याच दिवशी घास उतरला कसा. पण तो पुढे म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही. छोटूच्या खोलीत बसून मी हे वाक्य किती वेळा वाचलं असेल! तो येणार नाही हे खरं आणि मी जाणार हे पण खरं, मला दोन्ही एकदम धरून ठेवावं लागतं, काही दिवस फक्त पहिलंच हाताला लागतं.

आणि अजून एक, येशू मेलेल्यातून उठला तरी खिळ्यांचे व्रण हातावर होतेच, आपल्या शिष्याला, थोमाला, त्याने तेच दाखवले. त्यामुळे मी आता बरी होण्याची, विसरण्याची घाई करत नाही.

बाबा, माझं एकच मागणं आहे. माझ्यासमोर तुम्ही छोटूचं नाव घेणं बंद केलंय, मला त्रास होईल म्हणून, पण मला त्रास त्या गप्प बसण्याचा होतो. तुम्ही दोघंच फिरायला जायचात तेव्हा तो तुम्हाला काय काय विचारायचा ते मला माहीतच नाही, ते फक्त तुमच्याकडे आहे. रविवारी उपासनेनंतर मी फोन करेन, तो आईने नाही, तुम्ही उचला. आणि त्यातलं एक तरी मला सांगा.

तुमची लेक