आजारी मी पडले नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या शहर पानावर ‘महिला सदस्याची प्रकृती बिघडल्याने नागपूरच्या चमूची माघार’ अशा मथळ्याची बातमी आली. ती महिला सदस्य मी. माझी प्रकृती त्या दिवशी ठणठणीत होती, आजही आहे. कुलूच्या खोऱ्यातल्या साहसी शर्यतीत थंडी बाधली ती आमच्या चमूतल्या सगळ्यात दणकट गृहस्थांना. बातमीदाराला हे कोणी सांगितलं ठाऊक नाही. चार जणांत एक बाई आणि चमूची माघार, एवढं कळल्यावर उरलेलं आपोआप जुळलं असावं.

त्या गृहस्थांना आम्ही भाऊच म्हणतो. इतवारीत धान्याचं दुकान, वय ४१. पहाटे सायकलवर रामटेकला निघतात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतात. पत्र लिहू का, असं त्यांना आधी विचारलं. ‘‘लिहा ना मॅडम, खोटं थोडीच आहे,’’ म्हणाले.

आम्ही चौघंही हौशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवते. एक जण बँकेत आहेत आणि चौथा मिहानमध्ये कॉम्प्युटरवर काम करणारा २६ वर्षांचा पोट्टा. साहसी शर्यत म्हणजे चौघांनी मिळून नकाशा आणि होकायंत्रावर ठरलेले चेकपॉइंट शोधायचे. मोबाइल सीलबंद पिशवीत. थोडं अंतर पायी, थोडं सायकलवर, थोडं दोरावरून. चौघांत १०० मीटरच्या वर अंतर पडू द्यायचं नाही आणि एक जण थांबला की चमू क्रमवारीतून बाद. चमूत किमान एक बाई हवी ही अट या खेळात जुनीच आहे. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये रेद गोलवाझ नावाची शर्यत झाली, तीत पाच जणांच्या चमूला ती होती. मलाही बाई हवी म्हणूनच घेतलं, हे मी नाकारत नाही. नकाशा मात्र दुसऱ्याच रविवारी माझ्या हातात आला. गोरेवाड्याच्या बाजूला तिघंही पुरुष तीन दिशांना बोटं दाखवत उभे होते, तेव्हा.

नागपुरात थंडीचा सराव करायचा कुठे? २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता खरा, पण आपली थंडी सुकी. दहा वाजता गच्चीवर ऊन घेतलं की संपली. शेवटी भाऊंच्या ओळखीनं कळमन्याच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजमध्ये तीन रविवार तासभर उभं राहायची परवानगी मिळाली. छतापर्यंत लाल मिरचीची पोती. त्यांच्या मधल्या गल्लीत हातमोजे घालून होकायंत्र फिरवायचं, दोराला गाठ मारायची, चिक्कीचं पाकीट उघडायचं. शिंका इतक्या यायच्या की नकाशा ओला व्हायचा. हमाल दाराशी उभे राहून हसायचे. थंडीत आधी बोटं कामातून जातात हे तिथे शिकलो. ओल शिकायची राहिली, कारण कोल्ड स्टोरेजमध्ये पाऊस पडत नाही.

आणखी एक. प्रथमोपचाराच्या सरावात रुग्ण नेहमी मीच असायचे. असं कोणी ठरवलं नव्हतं. कोल्ड स्टोरेजच्या ओट्यावर मी आडवी व्हायचे आणि तिघं मला चंदेरी ब्लँकेटात गुंडाळायचे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

फेब्रुवारीतली शर्यत. आदल्या संध्याकाळी नग्गरला सामानाची तपासणी झाली. जाकीट, शिट्टी, हेडलॅम्प, चंदेरी ब्लँकेट, चौघांत एक स्लीपिंग बॅग, प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली गेली. आतलं बनियन कोण पाहणार? यादीत ‘सुती कपडे चालणार नाहीत’ असं ठळक लिहिलेलं होतं. भाऊंनी जाकीट, पँट, मोजे सगळं नवं घेतलं होतं, बनियन मात्र रोजचंच, सुती, बिनबाह्यांचं. बनियन हा कपड्यात मोजायचा प्रकार आहे हे त्यांना सुचलंच नाही.

पहाटे पाचला निघालो. पहिले सात तास छान गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. देवदारांच्या मधून वर चढताना संत्रा बर्फीचा खिशात दगड झाला होता. तुकडा गालात धरून ठेवला की पाच मिनिटांनी चव यायची. नकाशावर सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा जवळ जवळ आल्या की उतार तीव्र, हे मी १८ वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. पोरांना ते इतकं अवघड का जातं, याचा मी यापुढे विचार करीन.

बाराच्या सुमारास पश्चिमी झंझावाताचे ढग आले. नुसतं बर्फ पडलं असतं तर झटकता आलं असतं. पडलं ते पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी, अंगाला चिकटणारं. शून्याच्या आसपासची ही ओल कडक कोरड्या थंडीपेक्षा वाईट. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढतं. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते, सूत धरत नाही. भाऊ सायकलचा चढ सगळ्यांच्या पुढे चढले होते. उकडलं म्हणून जाकिटाची चेन उघडलेली, घामानं बनियन चिंब, वरून हा पाऊस आणि लगेच आठ किलोमीटरचा उतार. उतारावर पाय हलत नाहीत, वारा मात्र छातीवर बसत राहतो.

खाली चेकपॉइंट होता. भाऊ उतरले आणि जाकिटाची चेन लावायला लागले. खालचं टोक समोरच्या खाचेत घालून वर ओढायचं, एवढंच. एकदा हुकलं, दोनदा हुकलं. पाचव्यांदा हुकल्यावर माझ्यावर खेकसले, ‘‘तुमचा नकाशाच चुकला!’’ सहा महिन्यांत या माणसानं माझ्याशी आवाज चढवला नव्हता, आणि आम्ही तर चेकपॉइंटवरच उभे होतो. पोट्ट्यानं विचारलं, ‘‘भाऊ, थंडी वाजून राहिली का?’’

‘‘मले काही नाही झालं बे,’’ भाऊ म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर लडबडलं.

हाताला साधं काम न जमणं, पाय अडखळणं, जीभ जड होणं, उगाच चिडणं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली जायला लागल्याच्या या खुणा आम्हाला पाठ होत्या. तरी काही क्षण तिघं नुसते बघत राहिलो. पाठ केलं होतं ते ‘कोणाला काही झालं तर’ काय करायचं ते. त्यातली ‘कोणाला’ ही जागा भाऊंची नव्हती.

तीन रविवार रुग्ण झाल्याचा इथे उपयोग झाला. ओट्यावर पडून मला कळलं होतं की थंडी खालून येते. म्हणून आधी सगळ्यांच्या सॅक आणि दोर जमिनीवर पसरले, त्यावर भाऊंना बसवलं. हात वर होत नव्हते, तेव्हा बनियन कात्रीनं कापून काढलं. माझा सुका लोकरी थर त्यांना कोपरापर्यंतच आला, पोट्ट्याचा बसला. मग स्लीपिंग बॅग, वरून ब्लँकेट आणि स्वयंसेवकांच्या थर्मासमधलं गरम साखरपाणी, घोट घोट. बँकवाले त्यांचे हात चोळायला लागले, त्यांना मी ओरडले; अशा वेळी चोळायचं नसतं. चाळीस मिनिटांत जीप आली. डॉक्टरांनी तापमान पाहिलं तेव्हा ३५ च्या किंचित खाली होतं. संध्याकाळी खिचडी खाताना भाऊ विचारत होते, आपला नंबर कितवा?

उरलेल्या तिघांना क्रमवारीबाहेर राहून पुढे जाता आलं असतं. पोट्ट्याला जायचं होतं, मी नको म्हटलं. तो दिल्लीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

आता आपल्या बातमीचं. स्टाफरूममध्ये माझ्यासाठी आल्याचा चहा आला, जपा म्हणून सल्ले आले. ते सोडून देते. पण महिन्यातून दोन शनिवारी शाळा सुटल्यावर सात-आठ मुली माझ्याबरोबर नकाशा घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर येतात. त्यांतल्या एकीची आई फाटकाशी भेटली. ‘‘मॅडम, पेपरात वाचलं. तुमालेच नाही झेपलं, तं आमच्या पोरीले काऊन पाठवू?’’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ‘मी नाही हो, तो’ असं म्हणावं लागणार. तेही मला म्हणवेना. भाऊंचं बनियन सुती होतं, माझं असतं तर साखरपाणी मी प्याले असते. मुलगी या शनिवारी आली नाही.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी, शक्यतो त्याच पानावर. ‘पुरुष सदस्याची प्रकृती बिघडल्याने’ असा मथळा मला नको आहे. ‘सुती बनियनमुळे माघार’ असं छापलंत तर भाऊंची हरकत नाही, त्यांनीच सुचवलं आहे.

पत्र पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच चूक काढली: तो उतार आठ नव्हे, अकरा किलोमीटरचा होता. नकाशा काढून मोजला. त्यांचंच बरोबर निघालं. वर तेवढं सुधारून वाचावं.

आपली नियमित वाचक,
एक भूगोल शिक्षिका, नागपूर