सिंहगडावरून आल्यावर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी सिंहगडावर जाऊन आलो. फोनवर सांगितलं असतं, पण मला हे नीट लिहायचं होतं.

पहाटेच निघालो. खडकवासल्याच्या पाण्यावर धुकं होतं. घाट चढून गाडी वाहनतळाला लावली आणि पुणे दरवाज्यातून वर गेलो. चिनूला दही हवं होतं, ते आधी झालं. मडक्यातलं, घट्ट. आई, तुझ्या विरजणाची आठवण आली. मग अमृतेश्वराच्या मागून तानाजींच्या स्मारकापाशी पोहोचलो.

पुतळ्यावर झेंडूचा हार होता, थोडा सुकलेला. चिनूने न सांगताच बूट काढले आणि विचारलं, "आई, हे इथेच लढले?" मी सांगायला लागले आणि बाबा, तोंडातून तुमचेच शब्द यायला लागले. पुरंदरचा तह, २३ किल्ले मोगलांना गेले, त्यात हा कोंढाणा. रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी निघाले. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. तुम्ही तिथीवर थांबून वर्गाला विचारायचात, "मग चंद्र कधी उगवेल रे?" आणि कुणालाच सांगता यायचं नाही. मध्यरात्र उलटल्यावर! म्हणजे मावळे कडा चढले ते अंधारात.

सूर्याजींनी दोर कापले तिथे गोष्ट आल्यावर माझा हात धाडकन शेजारच्या दगडावर आपटला. तुम्ही टेबलावर पट्टी आपटायचात ना, तसाच. जवळ उभी असलेली दोन अनोळखी पोरं दचकली आणि गोष्ट संपेपर्यंत हललीच नाहीत. घोरपडीबद्दल त्यातल्या एकाने विचारलंच. तुम्ही सांगायचात तेच सांगितलं, की घोरपड पोवाड्यातली. खरा भरवसा माणसांच्या हातांवर आणि दोरांवर. आणि सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही सापडतं, हेही सांगितलं. तेवढ्याने त्या रात्रीचं मोल तसूभरही कमी होत नाही, असं तुम्ही म्हणायचात. मला ते आज पटलं.

नंतर कड्यावर गेलो. बाबा, खाली बघवत नाही. उन्हातसुद्धा पाय मागे येतात. आणि तेव्हा एकदम ध्यानात आलं, की ३१ वर्षं हा धडा शिकवणाऱ्या माणसाने हा कडा पाहिलेलाच नाही. आपल्या शाळेची सहल दरवर्षी वेरूळ-अजिंठ्याला जायची. पुणे लांब, खर्च जास्त. पुढे आमची शिक्षणं, मग ताईचं लग्न. आणि मी पुण्यात येऊन ११ वर्षं झाली, तुम्ही चारदा येऊन गेलात, तरी मला कधी सुचलं नाही. प्रत्येक वेळी दवाखाना, तपासण्या आणि परतीची गाडी. याचं मला फार वाईट वाटतंय.

म्हणून आता तुम्ही दोघांनी यायचंच. गाडी वाहनतळापर्यंत जाते. तिथून पुढे चढ आणि पायऱ्या आहेत, ते लपवत नाही. पण आपण टेकत टेकत जाऊ, दिवस आपलाच आहे. आईचा गुडघा बोलायला लागला तर ती आणि मी मध्येच बसून पिठलं-भाकरी खाऊ, आणि चिनू तुम्हाला हाताला धरून वर नेईल. त्याला वाट पाठ झाली आहे. देवटाक्याचं पाणी दाखवायचं आहे, राजाराम महाराजांची समाधी आहे, टिळकांचा बंगलाही आहे. पण आधी तानाजी.

रविवारी फार गर्दी होते, मी मधल्या वारी रजा टाकीन. बाबांच्या डोळ्यांची तपासणी कधी आहे ते कळवा, त्यानंतरच्या आठवड्यातलं तिकीट काढते. आई, बाबांचे कॅनव्हासचे बूट आठवणीने पिशवीत टाक, चपलेवर येऊ देऊ नकोस.

चिनूने विचारलंय, आजोबा पट्टी घेऊन येणार का.

तुमची,
धाकटी