चप्पल आठ जिल्ह्यांची, स्टॉल मात्र चारच जिल्ह्यांना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातला सीमाभागातल्या लोककला-हस्तकलांवरचा लेख वाचला. दोन्ही राज्यांनी मिळून मेळावे भरवावेत, कारागिराला बाजार मिळवून द्यावा, हे सगळं पटलं. पण कलेला सीमा आडवी येत नाही, असं लेखकांनी लिहिलंय, ते वाचल्यापासून डोकं शांत नाही. मला ती आडवी आली आहे.

आमचं घर निपाणीचं. सासरे कोल्हापुरी पायताणं करायचे, आता मालक करतात. तळ कापणं, चामड्याच्या वादीनं शिवणं त्यांच्याकडे. वेणी आणि गोंडा माझ्याकडे. चामडं ओलं करून रापीनं बारीक बारीक पट्ट्या काढायच्या आणि त्या वाळायच्या आत विणून संपवायच्या. मधे कुणी हाक मारली, हात थांबला, की पट्टी कडक होते आणि वेणी सैल पडते. एका जोडाला माझी अर्धी दुपार जाते.

मागच्या दिवाळीआधी महाराष्ट्रातल्या एका मोठ्या हस्तकला प्रदर्शनाला तीस जोड घेऊन गेलो. पहाटेची एसटी, दोन पोती, वर धाकटी बरोबर. नावनोंदणीच्या टेबलावरच्या साहेबांनी आधार कार्ड बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही कर्नाटकच्या. स्टॉल महाराष्ट्रातल्या कारागिरांसाठी आहेत." मी म्हटलं, साहेब, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही चार. पिशवीतून त्याची झेरॉक्स काढून दाखवली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. शेजारच्याच स्टॉलवर 'अस्सल कोल्हापुरी' असा बोर्ड होता आणि खाली रेक्झिनचा, सोल्यूशननं चिकटवलेला माल मांडला होता. त्याचा पत्ता बरोबर होता, एवढंच.

मग आमच्या राज्यातल्या एका कार्यालयात गेलो. अर्ज फक्त कन्नडमध्ये. तो मुलीनं भरून दिला, ती कन्नड शिकलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथल्या बाई म्हणाल्या, नावच कोल्हापुरी आहे तर कोल्हापूरला जा. आम्ही तिथूनच परत आलो होतो!

शेवटी तीसही जोड एका दुकानदाराला जोडी साडेपाचशेनं दिले. पंधरा दिवसांनी त्याच्याच दुकानात माझी वेणी अठराशेला टांगलेली बघितली. माझ्या हातची वेणी मला लांबूनही ओळखू येते. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत अथणी-निपाणीकडचा माल पूर्वीपासून जातो, हे तिथला कुठलाही दुकानदार सांगेल. माल चालतो. तो करणारी बाई टेबलाशी आली की तिचा जिल्हा विचारतात.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं आपली चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा दोन्हीकडचे पुढारी 'आमची चप्पल' म्हणून पुढे आले. डिसेंबरात प्राडाशी करार झाला, तोही महाराष्ट्राचं आणि कर्नाटकाचं अशा दोन्ही चर्मोद्योग महामंडळांनी मिळून केला. इटलीच्या कंपनीसमोर एकत्र बसता येतं, तर प्रदर्शनाच्या अर्जावर आठही जिल्ह्यांचे पत्ते चालतील, एवढी एक ओळ दोन्ही सरकारांना घालता येईल. लेखात म्हटलेले मेळावे भरवण्याआधी ती ओळ घाला, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणखी एक. लेखासोबत आपण छापलेल्या फोटोतली चप्पल कोल्हापुरी नाही. टाचेशी खिळे दिसतात आणि पट्ट्यावरची वेणी मशीनवर छापलेली आहे. आमच्या पायताणात खिळा नसतो, सगळी शिवण चामड्याच्या वादीची असते. चामडंसुद्धा बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं, त्याचा रंग असा एकसारखा पिवळा येत नाही. ज्या मालामुळे आमची दिवाळी गेली, त्याचाच फोटो 'सीमाभागाची शान' म्हणून आपण छापलात, याचं फार वाईट वाटलं. कृपया दुरुस्ती छापावी. फोटोग्राफर पाठवलात तर दुपारी दोननंतर पाठवा, तेव्हा मी वेणीला बसलेली असते.

कळावे,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)